रब्बीचा हंगाम – भाग ६ : गव्हाचा दुसरा हप्ता

त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. गव्हाच्या या वाणांची नावे वाचली की जिल्हा सांगावा लागत नाही. निफाडजवळच्या कृषी संशोधन केंद्राचे हे वाण. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. स्फुरद-पालाश सगळे पेरतानाच द्यायचे. नत्र अर्धे पेरताना, अर्धे तीन आठवड्यांनी. आकडे बहुतेकांना पाठ असतात. गडबड होते ती दुसऱ्या हप्त्याच्या वेळेत.

तीन आठवडेच का? गहू उगवतो तो बियाण्यातून निघालेल्या बारीक मुळांवर. त्या वयात त्याची नत्राची भूक अगदी थोडी असते. साधारण १८ ते २१ दिवसांनी जमिनीच्या पृष्ठभागाच्या जरा खाली, खोडाच्या पेऱ्यातून जाड, पांढरी मुळे सुटू लागतात. हीच मुकुटमुळे. फुटवेही याच सुमारास निघतात आणि एकरी ओंब्या किती भरणार, हे पुढच्या तीन-चार आठवड्यांत ठरते. म्हणून सगळा युरिया पेरतानाच टाकणाऱ्याचे नत्र पीक मागायच्या आत बरेचसे वाया गेलेले असते.

दिवस मोजताना एक घोळ हमखास होतो. वाफशावर पेरले असेल तर पेरणीपासून मोजा. कोरड्यात पेरून पाणी दिले असेल तर त्या पाण्यापासून. खात्री हवी असेल तर खुरप्याने दोन-चार रोपे मातीसकट उचलून मुळे धुऊन पाहा. थंडी-उन्हाप्रमाणे दोन-तीन दिवस मागेपुढे होणारच.

आता एकराचा हिशेब. एकरी ४८ किलो नत्र, म्हणजे प्रत्येक हप्त्यात २४ किलो. पेरताना डीएपीची ५० किलोची एक गोणी पडली असेल तर त्यातून ९ किलो नत्र गेलेच. वर ३३ किलो युरिया पुरे. दुसऱ्या हप्त्याला मात्र सगळे नत्र युरियातूनच, म्हणजे ५२ किलो. ४५ किलोच्या गोणीवर सात किलो. शेजाऱ्याने दोन गोण्या फेकल्या म्हणून आपणही फेकायच्या, हा मला तरी निव्वळ हट्ट वाटतो. जादा नत्राने गहू काळाभोर दिसतो, मऊ पडतो, माव्याला आवडतो आणि ओंबी भरल्यावर वाऱ्यात लोळतो.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत युरिया ओल्या मातीवर उघडा राहिला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. नीमकोटेड आहे, उडणार नाही, असे दुकानात ऐकायला मिळते. निंबोळीच्या लेपाने अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते. उडून जाणे त्याने फारसे थांबत नाही. तेव्हा खुरपणी उरका, युरिया फेका आणि त्याच दिवशी पाणी सोडा, म्हणजे तो पाण्याबरोबर मुळांशी उतरेल. पाणीही हलके द्या. वाफ्याच्या खालच्या टोकाला दोन दिवस डबके साचले, तर तिथल्या नायट्रेटचा वायू होतो आणि गहू पिवळा पडतो. त्या पिवळेपणावर पुन्हा युरिया फेकणारेही आहेत!

इंग्लंडात नत्राचे दोन-तीन हप्ते पार मे महिन्यापर्यंत चालतात, पण तिथला गहू शेतात नऊ-दहा महिने उभा असतो. आपला साधारण ११० ते १२० दिवसांत काढणीला येतो. फेब्रुवारीचे ऊन त्याला थांबू देत नाही. ओंबी बाहेर पडल्यावर दिलेल्या युरियाने दाण्यातले प्रथिन थोडे वाढेल, पण ओंब्यांची संख्या वाढायची वेळ तोवर टळलेली असते.

विहीरवाल्यांना हे जमवणे सोपे. कालव्याच्या आवर्तनावर असणाऱ्यांचे पाणी पंचविसाव्या दिवशी आले, तर गोणी तोवर घरातच ठेवावी. चार दिवसांच्या उशिराने थोडे नुकसान होईल. एकविसावा दिवस गाठायचा म्हणून कोरड्यात फेकून ठेवलेला युरिया मात्र पहाटेच्या दवाने विरघळेल आणि पाणी येईपर्यंत वरच्या वर उडत राहील.