एकाला दिसतें, दुसऱ्याला ठाऊक असतें

श्रोतेहो, नभोवाणीवर बोलणारा मनुष्य मोठ्या चमत्कारिक स्थितींत असतो. त्याच्यापुढें जो कागद आहे तो आपणांस दिसत नाहीं, आणि आपल्या कपाळावर पडलेली आठी त्याला दिसत नाहीं. 'हें पहा' असें म्हणून बोट दाखविण्याची त्याला सोय नाहीं. जें सांगावयाचें तें सारें शब्दांनींच सांगावें लागतें. शब्द अपुरा पडला कीं भाषण फसलें! आज ज्या खेळांविषयीं मी बोलणार आहें, त्यांचा सगळा डाव ह्याच अडचणीवर उभारलेला आहे. त्यांची ओळख करून देण्यास नभोवाणीइतकी योग्य जागा दुसरी नसावी.

अलीकडे कांहीं घरांतून एक नवें यंत्र येऊं लागलें आहे. पाणबुड्याच्या चष्म्यासारखें दिसणारें हें यंत्र डोळ्यांवर बांधलें, म्हणजे भोंवतालची खोली दिसेनाशी होते आणि तिच्या जागीं दुसरीच सृष्टि उभी राहते. इंग्रजींत ह्याला 'व्हर्च्युअल रिॲलिटी' म्हणतात. मराठींत 'आभासी वास्तव' हा शब्द रूढ झाला आहे. ह्यांतील मूळ युक्ति जुनीच आहे. आपले दोन डोळे एकच वस्तु किंचित् निरनिराळ्या जागांवरून पाहतात व त्या दोन चित्रांच्या फरकावरून मेंदूला वस्तूच्या अंतराचा बोध होतो, हें इंग्लंडांतील चार्ल्स व्हीट्स्टन ह्यानें १८३८ सालीं दाखवून दिलें. पुढें १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलँड ह्यांनीं ह्या युक्तीस गणकयंत्राची जोड दिली व मान वळली कीं चित्रही वळावें, अशी योजना केली. त्यांचें यंत्र इतकें अवजड होतें कीं तें छताला टांगावें लागे. आज तेंच काम सुमारें अर्ध्या किलोचा चष्मा करतो. घरगुती वापराचे असे चष्मे बाजारांत मोठ्या प्रमाणावर आले ते २०१६ सालीं.

परंतु ह्या चष्म्याबरोबर घरांत एक नवीच अडचण आली. कॅरम मांडला तर चौघे खेळतात आणि आणखी चौघे भोंवतीं उभे राहून न मागितलेला सल्ला देतात. चष्मा मात्र एकच, आणि तो लावणारा मनुष्य खोलींत असून नसल्यासारखा. तो हवेंत हात मारतो, दचकतो, एकटाच हंसतो. पहिलीं पांच मिनिटें घरच्यांना त्याची गंमत वाटते. सहाव्या मिनिटाला एकजण वर्तमानपत्र उघडतो, दुसरी उठून कुकर लावावयास जाते. प्रत्येकासाठीं निराळा चष्मा घ्यावा तर खर्च वाढतोच. शिवाय एका खोलींत चार माणसें डोळे झांकून बसलेलीं, ह्याला बैठक कोण म्हणेल?

ह्यावर कांहीं कल्पक खेळकर्त्यांनीं काढलेला तोडगा असा: चष्मा एकच असूं द्या, आणि त्यामुळें जी विषमता उत्पन्न होते तिलाच खेळाचा नियम करून टाका. चष्मा लावणाऱ्याची भूमिका एक, बाकीच्यांची दुसरी. पण सर्वजण एकाच खोलींत, एकाच डावांत. बुद्धिबळांत दोन्ही बाजूंचीं मोहरीं सारखीं, म्हणून तो सम खेळ. पण आपल्याकडील वाघ-बकरीचा पट आठवा. नेपाळांत ह्याच जातीच्या 'बाघचाल' नांवाच्या खेळांत ४ वाघ आणि २० बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांना कोणाला खातां येत नाहीं, त्यांनीं एकजुटीनें वाघाची वाट अडवावयाची. आंधळ्या कोशिंबिरींतही ज्याच्यावर राज्य असेल त्याचे डोळे बांधलेले व इतरांचे उघडे. तेव्हां विषम खेळ आपणांस नवे नाहींत. नवल एवढेंच कीं, ह्या नव्या कोशिंबिरींत डोळे बांधलेल्यालाच अधिक दिसतें!

ह्या खेळांच्या ढोबळ मानानें दोन जाती आहेत. पहिलींत एकजण सर्वांच्या विरुद्ध असतो. सोनी कंपनीनें २०१६ सालीं आपल्या चष्म्यासाठीं 'द प्लेरूम व्हीआर' नांवाचा खेळसंग्रह विनामूल्य दिला. त्यांतील एका खेळांत चष्मेवाला मांजर होऊन दबा धरतो, आणि बाकीचे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उंदीर होऊन चीज पळवितात. स्टॉकहोम येथील रिझोल्यूशन गेम्स ह्या कंपनीच्या २०१९ सालच्या 'ॲक्रॉन' ह्या खेळांत चष्मेवाला एक प्रचंड वृक्ष होतो व आपलीं सोनेरी फळें राखतो. आणि जास्तींत जास्त आठजण आपापल्या मोबाईल फोनवर खारी होऊन तीं पळवावयास धांवतात. ह्यांत मौज पुष्कळ आहे. पण बोलणें म्हणाल तर तें आरडाओरड्यापुरतेंच.

दुसरी जात मला अधिक मोलाची वाटते. तींत चष्मेवाला आणि बाकीचे एकाच बाजूस असतात, परंतु प्रत्येकाजवळ अर्धेंच साधन असतें. ह्या जातीचा सर्वांत नांवाजलेला खेळ म्हणजे 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स'. बोलत रहा, म्हणजे कोणाच्याही चिंधड्या उडणार नाहींत, असा त्या नांवाचा भावार्थ. जानेवारी २०१४ मध्यें कॅनडांतील ओटावा शहरीं, थोड्या तासांत नवा खेळ रचून दाखविण्याच्या एका मेळाव्यांत त्याची कल्पना निघाली. पुढें त्याच मंडळींच्या स्टील क्रेट गेम्स ह्या संस्थेनें तो २०१५ सालीं प्रसिद्ध केला, आणि २०१६ सालीं स्वतंत्र खेळकर्त्यांच्या महोत्सवांत त्याला उत्कृष्ट रचनेचें पारितोषिक मिळालें.

खेळ असा आहे. चष्मा लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एक बाँब येतो. त्यावर तारा, कळा, चिन्हें, लुकलुकणारे दिवे अशीं निरनिराळीं कोडीं बसविलेलीं असतात आणि मध्यें घड्याळ उलटें चालत असतें. बहुधा पांच मिनिटांचें. प्रत्येक कोडें सोडविलें तर बाँब निकामी होतो. चूक झाली कीं घड्याळ अधिक वेगानें धांवूं लागतें, आणि साधारणतः तिसऱ्या चुकीला सगळा ग्रंथ आटोपतो. कोडीं सोडवावयाचीं कशीं, हें चष्मेवाल्याला ठाऊक नसतें. तें सारें २३ पानांच्या एका पुस्तिकेंत दिलेलें असतें आणि ती पुस्तिका इतरांच्या हातीं असते. मात्र त्यांनीं बाँबकडे पहावयाचें नाहीं. सांख्यशास्त्रांत आंधळ्या-पांगळ्याचा दृष्टान्त आहे: पांगळ्याला दिसतें पण चालतां येत नाहीं, आंधळ्याला चालतां येतें पण दिसत नाहीं, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला तरच दोघे मुक्कामाला पोंचतात. येथें दृष्टि आणि हात एकाजवळ, तर ज्ञान दुसऱ्याजवळ. आणि खांदा मिळावयाचा तो केवळ शब्दांचा!

एक सोपें उदाहरण देतों. समजा, बाँबवर तीन तारा आहेत. पुस्तिका सांगते: एकही तार लाल नसेल तर दुसरी कापा, तसें नसून शेवटची तार पांढरी असेल तर शेवटची कापा, तसेंही नसून निळ्या तारा एकीहून अधिक असतील तर शेवटची निळी कापा, ह्यांपैकीं कांहींच नसेल तर शेवटची कापा. वाचावयास बसलें तर ह्यांत अवघड असें कांहींच नाहीं. पण चार तारांचा नियम निराळा, पांचांचा निराळा, सहांचा निराळा. शिवाय घड्याळ थांबत नाहीं, आणि विचारणारा काय विचारतो आहे तें सांगणाऱ्याला कळत नाहीं.

दुसरें कोडें चिन्हांचें. चार कळांवर चार विचित्र चिन्हें असतात. कोणी ग्रीक, कोणी जुन्या रशियन लिपींतलीं. पुस्तिकेंत अशा चिन्हांचे सहा स्तंभ आहेत. ज्या एका स्तंभांत चारही चिन्हें सांपडतील, त्यांतल्या क्रमानें कळा दाबावयाच्या. आतां ज्या चिन्हाला नांवच ठाऊक नाहीं, तें सांगावयाचें कसें? आणखी एका कोड्यांत इंग्रजींतले समान उच्चारांचे पण निराळ्या लेखनाचे शब्द मुद्दाम पेरले आहेत. 'दिन' आणि 'दीन' ह्यांतला भेद केवळ कानांनीं ओळखावयाचा म्हणजे काय, हें मराठी माणसाला समजावून सांगावयास नको.

गेल्या दिवाळींत हा डाव आमच्या घरीं मांडला. माझा सतरा वर्षांचा भाचा चष्मा लावून बसला. तो शिक्षणासाठीं वसतिगृहांत राहतो. त्याचें आणि माझ्या आईचें दूरध्वनीवरील संभाषण 'जेवलास का?' आणि 'हो, आजी' ह्यांच्या पलीकडे फारसें जात नसे. पुस्तिका छापून घेतली होती. तारांचीं पानें आईच्या हातीं दिलीं आणि चिन्हांचें पान मीं घेतलें. आईनें सारा जन्म शाळेंत व्याकरण शिकविलेलें. तिनें चष्मा पुसला आणि पहिल्या नियमापासून सावकाश वाचावयास आरंभ केला.

"आजी, ही लाल आहे, ही पिवळी, आणि ही इकडची—"

"इकडची म्हणजे कोठली रे?"

"अग, ही! ह्या बाजूची!"

ह्या बाजूची म्हणजे कोणत्या, हें ठरण्यापूर्वींच स्फोट झाला. मग, कोणत्याही घरांत होतें तसेंच झालें. तूं नीट सांगितलें नाहींस. तूं नीट ऐकलें नाहींस. मामानें मध्येंच बोलावयास नको होतें. खरें पाहतां चूक कोणा एकाची नव्हती. भाचा आपल्याला दिसतें तें आजीलाही दिसतें असें धरून बोलत होता; आणि आई स्वतःला ठाऊक असलेलें सगळें, विचारण्याच्या आधींच, सांगूं पाहत होती. पाहणाऱ्याचा आणि जाणणाऱ्याचा हा सनातन दोष आहे.

दुसऱ्या डावापूर्वीं आईनें कायदे घातले. 'हा', 'ती', 'इकडे', 'तसलें' हे शब्द वर्ज्य. आधीं संख्या सांगावयाची, मग वरून खालीं रंग. ऐकणाऱ्यानें ऐकलेलें परत म्हणून दाखवावयाचें, आणि पाहणाऱ्यानें 'बरोबर' म्हटल्यावांचून कशालाही हात लावावयाचा नाहीं. तारा ह्या वेळीं निमूटपणें सुटल्या. मग चिन्हें आलीं. भाचा म्हणाला, "मामा, एक त्रिशूळ, एक हंसरा चेहरा, एक उलटा पी आणि एक चांदणी." त्रिशूळ मला सांपडला, चांदणीही सांपडली, पण दोन्ही एका स्तंभांत कांहीं केल्या येईनात. मी घाबरून वरखालीं पाहूं लागलों. तेवढ्यांत आईनें शांतपणें विचारलें, "चांदणी भरीव आहे कीं पोकळ?" चांदणी भरीव होती, आणि मी पोकळ धरून बसलों होतों. स्तंभ सांपडला: त्रिशूळ, हंसरा चेहरा, उलटा पी, भरीव चांदणी. घड्याळांत अकरा सेकंद उरले असतांना बाँब थंड झाला. भाच्यानें चष्मा काढून आधीं आजीला मिठी मारली.

ह्या खेळाला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पुस्तिका पाठ झाली कीं निम्मी गंमत ओसरते. समान उच्चारांच्या कोड्यांसाठीं इंग्रजी लेखनाची ओळख हवी. लहान मुलांच्या डोळ्यांवर चष्मा चढविण्यापूर्वीं निर्मात्यांनीं सांगितलेली वयाची मर्यादा पहावी. मात्र चष्मा नसला म्हणून अडून बसण्याचें कारण नाहीं: हाच खेळ साध्या संगणकावरही मिळतो. पडद्याची पाठ इतरांकडे केली, कीं झालें. पुस्तिका तर निर्मात्यांनीं सर्वांसाठीं विनामूल्य ठेविली आहे. यंत्र हें निमित्त. दृष्टि आणि ज्ञान ह्यांच्यामध्यें एक पडदा असला म्हणजे पुरे.

आपण घरांत किती थोडक्या शब्दांवर दिवस काढतों, हें मला त्या संध्याकाळीं प्रथम जाणवलें. 'तें', 'तिकडे', 'नेहमीचें', 'कळलें ना?' एवढ्यावर आपला संसार चालतो. कारण समोरच्याला आपल्याला दिसतें तेंच दिसतें, असें आपण धरून चालतों. घरचें माणूस दूर गांवीं गेलें, कीं तें आणि आपण निराळ्या खोल्यांतून निराळीं दृश्यें पाहूं लागतों. शब्द मात्र तेच राहतात, आणि मग 'जेवलास का?' ह्यापुढें बोलणें सरकत नाहीं. 'तुला तेथें काय दिसतें आहे?' असें विचारण्याची संवय त्यासाठीं मुद्दाम लावून घ्यावी लागते.

त्या रात्रीं जेवावयास बसलों असतां आई माझ्या बहिणीला संवयीनें म्हणाली, "अग, तें इकडे दे." त्याबरोबर पानावरून मान वर न करतां भाचा म्हणाला, "'तें' म्हणजे कोणतें, आजी? रंग सांग."

"पिवळें," आई म्हणाली. "वाटींतलें. डावीकडून दुसरें."

वरणाची वाटी बिनचूक तिच्यापुढें आली.