स्वमग्न मुले वाढली, की दिसू लागली?

‘‘आमच्या वेळी असली मुलं नव्हती हो!’’ शिरपूरच्या बाजारपेठेत काय किंवा बोराडीच्या एस.टी. थांब्यावर काय, स्वमग्न मुलांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात नवल नाही. ऑटिझम हा शब्द आपल्याकडे रुळला तोच अलीकडे. शब्दामागोमाग अमेरिकेतले आकडे येतात आणि ते वाचून तरुण आई-बापांच्या पोटात गोळा उठतो. ही मुले खरोखरच वाढली आहेत काय?

आधी आकडे पाहू. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला वैद्यकात नाव मिळाले. १९६६ मध्ये व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात आठ ते दहा वर्षांची मुले तपासली, तेव्हा दहा हजारांत साडेचार असे प्रमाण निघाले. अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र २००० सालापासून ठरावीक भागांतल्या आठ वर्षांच्या मुलांची नोंद ठेवते. तिथे २००० साली दीडशे मुलांत एक, २०१० मध्ये ६८ मुलांत एक आणि २०२२ मध्ये ३१ मुलांत एक असे आढळले. आकडे असे एकाखाली एक मांडले, की एखादी साथ पसरल्यासारखे वाटते.

पण मोजमापाचा नियम शिरपूरकरांना कुणी शिकवायला नको. नाले खोल केले, बंधारे बांधले आणि विहिरींना पाणी आले, ही ‘शिरपूर पॅटर्न’ची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. ती सांगता येते कशाच्या जोरावर? तीच विहीर, तोच महिना आणि तीच मोजपट्टी असेल तरच गेल्या वर्षीची पातळी यंदाच्या पातळीशी ताडून पाहता येते. पट्टी बदलली की हिशेब बिघडला.

स्वमग्नतेची पट्टी अनेकदा बदलली. कॅनर यांच्या काळात अगदी ठळक लक्षणांची मुलेच मोजली जात. १९९४ मध्ये अ‍ॅस्पर्गर प्रकारातली, चांगली बोलणारी, अभ्यासात हुशार पण माणसांत बावरणारी मुलेही अमेरिकी मनोविकार-सूचीत आली. २०१३ मध्ये हे सगळे प्रकार एकाच छत्राखाली आले. पूर्वी ‘मतिमंद’ म्हणून नोंदली जाणारी कित्येक मुले या रकान्यात सरकली. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वाढीपैकी सुमारे साठ टक्के वाटा नोंदीची पद्धत बदलल्याचा आहे, असे त्यात दिसले. उरलेल्या वाढीमागे आई-वडिलांचे वाढते वय, अपुऱ्या दिवसांची बाळे आता वाचतात, अशी कारणे सांगितली जातात. लसीचे नाव मात्र त्यात घेऊ नये. गोवराच्या लसीवर संशय घेणारा १९९८ चा बारा मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला आणि डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

कोण मोजतो आणि कुठे मोजतो, यावरही बरेच अवलंबून असते. २०२२ साली अमेरिकेत टेक्सासच्या एका भागात १०३ मुलांत एक, तर कॅलिफोर्नियाच्या एका भागात १९ मुलांत एक असे प्रमाण होते. देश एक, वर्षही एक! दक्षिण कोरियातल्या गोयांग शहरात शाळाशाळांतून शोध घेतला, तेव्हा ३८ मुलांत एक असे प्रमाण निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सापडलेल्यांपैकी दोन तृतीयांश मुले साध्या शाळांत बसत होती आणि त्यांना काय होते हे कुणी ओळखलेच नव्हते.

आता आपल्याकडे वळू. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम जागा दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. २०११ च्या जनगणनेत तिला वेगळा रकानाच नव्हता. पाच ठिकाणी घरोघर जाऊन झालेली एक मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले एक ठिकाण आपल्या शेजारचे उत्तर गोवा होते. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांत जवळजवळ दर आठांपैकी एकात मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ दोषांपैकी किमान एक आढळला. स्वमग्नता त्या नऊंतली एक. ही मुले त्या पाहणीच्या आधीही तिथेच राहत होती.

शिरपूर तालुक्यात शोध घेणारे हात नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते आणि तपासायच्या तीस बाबींत स्वमग्नताही आहे. अडचण वेगळीच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर मूल पावरी किंवा भिली ऐकत वाढते, तापीकाठी अहिराणी, आणि प्रश्न येतो पुस्तकी मराठीतून. मूल गप्प राहिले, तर ते भाषा कळली नाही म्हणून की खरेच काही बिनसले आहे म्हणून? घरात आजी समजूत घालते, ‘‘त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता.’’ मुलगी असेल तर ‘लाजाळू आहे’ म्हणून विषय संपतो. तपासणी त्या मुलाच्या बोलीत, आईला शेजारी बसवून झाली पाहिजे, ती याचसाठी.

आईला मात्र बोलीची अडचण नसते. मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवे ते बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द हरवतात, यांतले काही दिसले तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. चाळीस मुद्द्यांची भारतीय पट्टी निदान आणि दाखल्यासाठी वापरली जाते. दाखला मिळाला की सवलती आणि शाळेतले हक्क मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पहिली पाच-सहा वर्षे. बोलणे, खेळणे, माणसांत मिसळणे शिकवायला तीच सर्वांत फलदायी. धुळ्याला जायचे म्हणजे पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर आणि एका दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. म्हणूनच तपासणी पाड्यापर्यंत आली पाहिजे.

उद्या तालुक्यात नीट मोजणी झाली, तर स्वमग्न मुलांचा आकडा एकदम फुगेल. तेव्हा कुणी ‘साथ आली’ म्हणून घाबरू नये. आज ज्यांना ‘हट्टी’, ‘मुका’, ‘खुळा’ म्हणून कोपऱ्यात बसवले जाते, तीच मुले त्या आकड्यात असतील. मोजणी कमी भरली म्हणून मुले कमी होत नाहीत, त्यांच्या वाट्याची मदत तेवढी कमी होते.