काळी राहते, पांढरी ओस पडते

गावच्या जमिनीचे मराठीत दोन भाग मानतात. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. माणसे उठून गेली तरी काळी कुणी ना कुणी कसत राहतो. पांढरी मात्र ओस पडते. जिथे दिवाच लागत नाही ते गाव बेचिराग, विदर्भात रिठी. बुलढाणा जिल्ह्याच्या गावयादीत अशी उजाड गावे आजही आहेत. नाव आहे, शिवार आहे, घर एकही नाही.

याच जिल्ह्यातले सिंदखेड राजा हे लखुजी जाधवांचे ठाणे, जिजाऊंचे जन्मगाव. 1629 मध्ये देवगिरीवर लखुजींची हत्या झाली. पुढच्या शतकात 1724 ची साखरखेर्ड्याची आणि 1757 ची खुद्द सिंदखेडची लढाई याच टापूत झाली. राजवाडा, काळा कोट, मोती तलाव ही बांधकामे टिकली. त्यांच्या मापाची वस्ती उरली नाही. 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी घाटाखालून गेली. 1870 मध्ये खामगावला फाटा मिळाला आणि कापसाचा पैसा तिकडे वळला. घाटावरच्या मेहकर, लोणार, देऊळगाव राजा भागातले लोक खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

मग 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. 1901 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 4,23,616 भरली, म्हणजे दहा वर्षांत 12 टक्के घट. या आकड्यात खामगाव तालुका नाही, तो तेव्हा अकोला जिल्ह्यात होता.

आजची ओहोटी जिल्ह्याच्या बेरजेत दिसत नाही. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. बुलढाण्याची 22,32,480 वरून 25,86,258 झाली. पण बेरीज वाढली म्हणून प्रत्येक आळी भरलेली आहे असे नव्हे. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून तरुण पुण्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत जातात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि घरात दोन म्हातारी माणसे उरतात. खरी मोजणी घरांची व्हायला हवी.

कारण जुने घर माणसांवाचून उभे राहत नाही. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर लाकडी किलच्या, वर पालापाचोळा आणि जाड मातीचा थर, असे हे धाबे. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती टाकावी लागते, उंदरांची बिळे बुजवावी लागतात, पन्हाळ मोकळा करावा लागतो. एक-दोन पावसाळे हे चुकले की पाणी मुरते, कडी कुजते आणि मधोमध धाबे बसते. शाबूत सागवान, दारे-चौकटी विकल्या जातात.

समाजवादी राजवट कोसळल्यानंतर पूर्व जर्मनीत रिकाम्या घरांचे नेमके उलटे घडले. लाइपझिगची वस्ती 1989 च्या सुमारे 5.3 लाखांवरून 1998 पर्यंत 4.37 लाखांवर आली. होयर्सवेर्डा हे शहर सत्तर हजारांवरून निम्म्याखाली घसरले. तिथल्या काँक्रीटच्या इमारती आपोआप पडत नव्हत्या. अर्धी रिकामी इमारतही गरम ठेवावी लागे, तिचे नळ चालू ठेवावे लागत. अखेर 2002 पासून सरकारी योजनेतून लाखो सदनिका पाडल्या गेल्या. लाइपझिग पुढे पुन्हा वाढले.

बुलढाण्यात पाडायला कुणी येत नाही आणि बांधायलाही सहज जमत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला आजोबांचे नाव, हिस्सेदार पाच, त्यातले तीन परगावी. वाटणी झाल्याशिवाय जागा कुणाच्या एकट्याच्या नावे लागत नाही आणि जागा नावावर नसेल तर घरकुल अडते. त्यामुळे गावाच्या मधोमध पडकी घरे आणि नवी स्लॅबची घरे बाहेर, रस्त्याच्या कडेला, अशी गावाची रचनाच पालटते.

आतल्या भिंती पावसागणिक खाली बसतात. शेजारच्या आळीत अजून धाबे राखून असलेला म्हातारा उन्हाळ्यात तिथे टोपले घेऊन येतो आणि त्याच भिंतींची पांढरी माती आपल्या घरावर टाकायला नेतो.