पीठ, साखर आणि दिल्लीचे ऋतू

द्वारका हे नाव ऐकले की मराठी माणसाच्या मनात प्रथम येते ती सौराष्ट्रातील समुद्रकाठची नगरी आणि पोह्यांची पुरचुंडी घेऊन तिच्या वाटेने निघालेला सुदामा. ते पोहे द्वारकेपर्यंत टिकले याचे नवल वाटायला नको. भात भिजवून, भाजून, कुटून पोहे होतात आणि मग ते कोरडे केले जातात. त्यांत पाण्याचा अंश फार थोडा उरतो, आणि जिथे पाणी नाही तिथे बुरशीला व सूक्ष्म जंतूंना थारा मिळत नाही.

आज ज्या द्वारकेविषयी बोलावयाचे आहे ती मात्र समुद्रापासून फार दूर आहे. दिल्लीच्या नैर्ऋत्येस, विमानतळाच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने ही विस्तीर्ण वसाहत उभी केली. आरंभी तिचे नाव पप्पनकलां असे होते. २००५ सालाच्या अखेरीस मेट्रो रेल्वे येथवर येऊन पोचली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांतून सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि नोकरीनिमित्त उत्तरेस गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत नांदत आहेत. या घरांच्या स्वयंपाकघरात आता एक छोटा ओव्हन असणे ही काही अपूर्वाई राहिलेली नाही. मुलांच्या वाढदिवसाचा केक, दिवाळीची नानकटाई, रविवारचा पाव घरीच भाजला जातो. त्यासाठी लागणारे मैदा, कणीक, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट, लोणी, कोको, अक्रोड असे सामान कपाटात साठत जाते. आणि एखाद्या दिवशी, सारे प्रमाण बिनचूक असताना, केक फुगत नाही; किंवा फुगतो, पण त्याला खवट वास येतो. दोष हातांचा नसतो, ओव्हनचाही नसतो. तो पुष्कळदा डब्यात आधीच घडून गेलेला असतो.

असे का व्हावे? साठवण ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रातील घराघरांत कणग्या होत्या, कोठ्या होत्या, चिनीमातीच्या बरण्यांना दादरे बांधलेले होते. उन्हाळा आला की वर्षाचे धान्य भरण्याची घाई असे. गव्हाला उन्हे दाखवावयाची, डाळींना एरंडेलाचा हात लावावयाचा, कडुनिंबाचा पाला घालावयाचा, हे शिक्षण मुलीला आईकडून आपोआप मिळे. परंतु या साऱ्या विद्येचा विषय धान्य हा होता, पीठ हा नव्हता, ही गोष्ट आपण विसरतो. पीठ पहाटे जात्यावर दळले जाई आणि दोन-चार दिवसांत संपत असे. वर्षाचे पीठ साठवण्याचा विचार कोणत्याही शहाण्या गृहिणीने केला नसता.

त्यामागे कारणही तसेच होते. गव्हाचा दाणा जिवंत असतो. त्याच्या अंकुरात तेल असते. पण ते तेल कोंड्याच्या आवरणाआड सुरक्षित राहते. दाणा दळला की आवरण फाटते, तेल सर्व पिठात पसरते आणि हवेतील प्राणवायूशी त्याची गाठ पडते. दाण्यातीलच काही पाचक द्रव्ये त्या तेलाचे विघटन करू लागतात. कणीक कडसर लागू लागते, तिला जुना वास येतो, तो यामुळे. मैदा अधिक काळ टिकतो, कारण तो काढताना अंकूर आणि कोंडा बहुतांशी वेगळे केलेले असतात. म्हणून मैदा नीट बंद ठेवल्यास सहा महिने सहज काढतो. कणीक मात्र उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यातच संपवावी हे बरे.

थोडक्यात सांगावयाचे तर, भट्टीच्या पदार्थांचे सामान म्हणजे आवरण गमावलेल्या वस्तूंचा मेळावा आहे. दाण्याला निसर्गाने जे कवच दिले होते ते आता आपण डब्याच्या रूपाने द्यावयाचे आहे. तो डबा कोणापासून रक्षण करणार, हे ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग. शत्रू पाच आहेत: ओल, उष्णता, हवा, प्रकाश आणि किडे. प्रत्येक वस्तूचा मुख्य शत्रू निराळा असतो आणि प्रत्येक ऋतूत निराळा शत्रू प्रबळ होतो. दिल्लीत तर हे ऋतू एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की एकच सवय बारा महिने धरून चालता येत नाही.

कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्या कुटुंबाला ओलीची सवय असते. दिल्लीचा मे महिना पाहून त्याला वाटते, येथे सर्व काही कोरडे, चिंता मिटली. दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते हे खरे. परंतु पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि वरच्या मजल्यावरील घरांत दिवसभर तापलेले छत रात्रीही थंड होत नाही. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. जानेवारीत स्वयंपाकघर १५ अंशांवर आणि मे महिन्यात ४० अंशांवर असेल, तर तेल खवट होण्याचा वेग पाचपटींहून अधिक वाढतो. पाकिटावर छापलेली तारीख अशा कपाटासाठी छापलेली नसते.

शिवाय दिल्लीच्या उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक आहे. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताट्यांतून हवा आत ओढणारा कूलर घर थंड करतो, तो त्या हवेत पाण्याची वाफ मिसळूनच. बाहेर रखरखीत लू वाहत असते, आणि आत, कूलरच्या झोताखालच्या फळीवर, पिठीसाखरेचे खडे होत असतात. म्हणून कूलरच्या वाटेवर कोणताही कोरडा पदार्थ ठेवू नये.

जूनच्या अखेरीस पावसाळा येतो. आता उष्णता आणि ओल हातात हात घालून येतात. हाच किड्यांचा हंगाम. पिठात होणारे तांबूस रंगाचे बारीक किडे ३० ते ३५ अंशांच्या उष्णतेत सर्वांत वेगाने वाढतात. त्यांची एक पिढी महिन्याभरात पुरी होते. त्यांची अंडी इतकी बारीक आणि चिकट असतात की ती पिठासारखीच दिसतात. चाळणीने किडे निघतात, सर्व अंडी निघत नाहीत. त्यामुळे चाळलेल्या पिठात पुन्हा किडे दिसले तर आश्चर्य करू नये. आपल्याकडे मैदा-कणीक बाजारातून येते तेव्हाच कधी कधी ही अंडी तिच्यात असतात. त्यावर सोपा उपाय असा की, नवे पाकीट घट्ट पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावे. उणे १८ अंशांच्या थंडीत अंडीही मरतात. मग ते पीठ हवाबंद डब्यात भरावे. रव्याच्या बाबतीत आपल्या आया तो कोरडा भाजून ठेवीत, त्यात हेच साधले जाई. पण मैदा असा भाजून चालत नाही, कारण भाजण्याने त्यातील चिकटपणा देणारी प्रथिने बिघडतात आणि पाव उभा राहत नाही. धान्याला घालावयाच्या गोळ्या आणि भुकट्या तर पिठाच्या डब्यात कधीही घालू नयेत. धान्य धुता येते, पीठ धुता येत नाही.

हिवाळ्यात किड्यांचा जोर ओसरतो. २० अंशांच्या खाली त्यांची वाढ जवळजवळ थांबते, तेलही सावकाश बिघडते. डिसेंबर-जानेवारी हे दिल्लीत साठवणीचे सर्वांत सोपे महिने. मात्र सकाळी दाट धुके पडते तेव्हा हवा ओलीच असते. खिडकीजवळच्या किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या फळीवर डबे ठेवले, तर थंड भिंतीवर जमणारे दंव त्यांच्यापर्यंत पोचते.

आता एकेक वस्तू घेऊ.

साखर स्वतः नासत नाही. ती केवळ ओल ओढून घेते. पिठीसाखरेचा प्रत्येक कण बारीक असल्यामुळे तिचे खडे लवकर होतात. परंतु ते फोडून चाळले की ती पूर्ववत वापरता येते. गुळाचा पावसाळ्यात पाझर सुटतो, तेव्हा त्याला बंद डबा हवाच.

खाण्याचा सोडा बराच टिकाऊ असतो, पण तो भोवतालचे वास शोषून घेतो. हिंगाच्या डबीशेजारी उघडा ठेवलेला सोडा केकमध्ये घालू नये. बेकिंग पावडरची गोष्ट नाजूक आहे. १८४३ साली बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती सिद्ध केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी मानवत नसत. तिच्यात सोडा आणि आम्ल शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि ओल लागू नये म्हणून मध्ये मक्याचे पिठूळ सत्त्व मिसळलेले असते. पाणी मिळाले की दोघांचा संयोग होऊन वायू सुटतो आणि केक फुगतो. ओलसर हवेत हाच संयोग डब्यातच थोडा थोडा होत राहतो. वायू निघून जातो. भुकटी मात्र दिसायला तशीच पांढरी राहते. म्हणून ती डोळ्यांनी पारखता येत नाही. अर्धी वाटी गरम पाण्यात एक चमचा भुकटी टाकावी. जोराने फसफसली तर चांगली. सोडा पारखावयाचा असेल तर त्यावर लिंबू पिळावे. ओला चमचा या डब्यांत कधीही घालू नये आणि वाफाळत्या पातेल्यावर धरून डबा उघडू नये.

यीस्ट तर जिवंतच असते. गोव्यातील पोदेर पूर्वी पावाचे पीठ आंबवण्यासाठी माडाची ताजी ताडी वापरीत. तिच्यात यीस्ट निसर्गतःच असे आणि साठवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आज आपल्याला मिळते ते वाळवून निद्रिस्त केलेले यीस्ट. उष्णतेने आणि ओलीने ते झोपेतच मरते. पाकीट उघडल्यावर ते हवाबंद बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवावे. चार-सहा महिने चालते. मे महिन्यात उघड्या फळीवर ठेवलेल्या यीस्टवर विसंबून पीठ मळू नये. आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून त्यात यीस्ट टाकावे. दहा मिनिटांत फेस आला तर ते जिवंत आहे. फेस आला नाही, तर पाव किलो मैदा आणि दोन तासांचे श्रम वाचले असे समजावे.

अक्रोड, बदाम आणि लोणी यांचा शत्रू हवा व उष्णता हा आहे. अक्रोडातील तेल फार लवकर बिघडते. तो सोललेला असेल तर फ्रीजमध्येच ठेवावा. लोणी घट्ट गुंडाळावे, कारण तेही शेजाऱ्याचा वास उचलते. चॉकलेटवर पांढरी साय धरल्यासारखी दिसते ती बुरशी नसते. उष्णतेने वर आलेली चरबी किंवा ओलीने वर आलेली साखर असते ती. असे चॉकलेट वितळवून वापरण्यास हरकत नाही.

फ्रीजविषयी एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली, तर दिल्लीच्या श्रावणातील हवा तिच्या आत शिरते आणि पिठावर दंव धरते. बरणी बंद ठेवून तासभर बाहेर राहू द्यावी, मग उघडावी. जिचा नित्य वापर आहे ती वस्तू वारंवार आत-बाहेर करण्यापेक्षा आठवड्यापुरती लहान डब्यात वेगळी काढणे श्रेयस्कर.

टाकावे काय आणि ठेवावे काय, याचा विवेकही हवा. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असे असेल तर ती तारीख गुणवत्तेची असते. ती उलटली म्हणजे वस्तू विषारी झाली असे नव्हे. नाकाने, जिभेने आणि वर सांगितलेल्या परीक्षांनी तिचा निवाडा करावा. ‘एक्स्पायरी’ची तारीख मात्र पाळावी. आणि पिठाला बुरशी लागली असेल, कुबट वास येत असेल, तर वरचा थर काढून खालचे वापरण्याचा मोह धरू नये. काही बुरशींची विषे ओव्हनच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. काटकसर हा आपला कुलाचार खरा. पण तिची जागा खरेदीच्या वेळी आहे, सडलेले पोटात घालण्याच्या वेळी नाही.

सर्वांत मोठी काटकसर थोडे आणण्यात आहे. पाच किलो मैदा स्वस्त पडतो खरा, पण त्यातील दोन किलो भाद्रपदात फेकावा लागला तर तो महागच पडला. हिवाळ्यात दोन महिन्यांचे, उन्हाळ्यात एक महिन्याचे आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांचे सामान आणावे. डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी. जुने संपल्यावाचून त्याच डब्यात नवे ओतू नये, आणि रिकामा डबा धुऊन पुरता वाळवूनच भरावा.

हे सारे द्वारकेतील घर डोळ्यांसमोर ठेवून सांगितले; परंतु नागपूर, इंदूर येथील श्रोत्यांना दिल्लीचा उन्हाळा परका वाटणार नाही, आणि रत्नागिरीकरांनी येथील पावसाळ्याचे नियम चार महिने अधिक काटेकोरपणे पाळले म्हणजे झाले. गाव बदलले तरी प्रश्न तोच राहतो: या वस्तूचा शत्रू कोण, आणि या महिन्यात तो किती प्रबळ आहे? आपल्या आजीने हा प्रश्न गव्हाच्या कणगीसमोर उभे राहून विचारला होता. आपण तो मैद्याच्या डब्यासमोर विचारावयाचा आहे.