दुसऱ्या अल्बमची कसोटी

रॉक बँडचा दुसरा अल्बम तोलताना यादीतला क्रमांक फसवा ठरू शकतो. अमेरिकेतल्या ‘बोस्टन’चं उदाहरण बोलकं आहे.

१९७६ साली आलेला त्यांचा पहिला अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंतच चढला, पण पुढे अमेरिकेत त्याला १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. १९७८चा ‘डोन्ट लुक बॅक’ अव्वल ठरला. प्रमाणपत्र मात्र ७० लाखांचं. त्याला वर नेणारी उत्सुकता पहिल्या अल्बमने निर्माण केली होती. बँडचा सूत्रधार टॉम शोल्झ याच्या मते कंपनीच्या घाईत हे काम उरकलं गेलं. तिसरा अल्बम आला थेट १९८६ मध्ये.

समीक्षकांचा पहिला कौलही अंतिम नसतो.

ब्रिटनच्या ‘ओएसिस’ने १९९४च्या पदार्पणानंतर पुढच्याच वर्षी ‘व्हॉट्स द स्टोरी मॉर्निंग ग्लोरी’ काढला. अनेक समीक्षकांनी त्याचं स्वागत थंडच केलं. ब्रिटनमध्ये मात्र तो नव्वदच्या दशकातला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. बदल ऐकायचा तर गायन ऐकावं: पहिल्या अल्बमची सगळी गाणी बँडचा गायक लियम गॅलघरने गायली होती, दुसऱ्यात ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’साठी त्याचा भाऊ, गीतकार नोएल गॅलघर मुख्य गायक म्हणून पुढे आला.