सैल होण्याचे कष्ट

‘आता वय झाले, हातपाय चालायचे नाहीतच,’ असे आपण सहज बोलून जातो आणि या एका वाक्यात साऱ्या शंका मिटल्या असे मानतो. परंतु वय होणे म्हणजे शरीरात नेमके काय होणे, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. आणि त्यातून जे हाती आले ते आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

स्नायू आवळण्यास श्रम पडतात हे सर्वांस ठाऊक आहे; सैल होण्यासही पडतात, याचे मात्र अनेकांस नवल वाटेल. मज्जातंतूची आज्ञा येताच स्नायुपेशीतील सूक्ष्म कोठारातून कॅल्शियम बाहेर पडते व स्नायू आवळतो. तो सैल व्हायचा तर ते कॅल्शियम पुन्हा कोठारात भरले पाहिजे. सुरतेतील आपल्या इमारतींत खालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढविण्यास मोटार लागते, तशी येथेही लागते. ही मोटार म्हणजे एक प्रथिन. ‘एटीपी’ या इंधनाचा एक रेणू खर्चून ते कॅल्शियमचे दोन कण आत ढकलते. जपानच्या तोयोशिमा यांनी २००० साली त्याची सूक्ष्म रचना उलगडून दाखविली.

ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्यापासूनच शरीरात काही दाहक द्रव्ये उपजतात. विळीस गंज चढावा तशी ती प्रथिनांस बाधतात. अमेरिकेतील कॅन्सस येथील संशोधकांनी १९९६ साली म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू तपासले, तेव्हा या पंपाच्या एका विशिष्ट प्रकारावर असे डाग साठलेले आढळले. हा प्रकार सावकाश पण दीर्घकाळ राबणाऱ्या स्नायूंत असतो आणि हृदयातही असतो. पंप मंदावला की स्नायू सुटण्यास विलंब लागतो. वार्धक्यातील मंदगतीची इतर कारणेही आहेत; त्यांपैकी हे एक.

मग गंज घालविणाऱ्या गोळ्या घ्याव्यात काय? जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या होत्या. व्यायामाने शरीराची स्वतःची जी संरक्षक शक्ती वाढते, ती नेमकी याच मंडळींत वाढली नाही. उलट, १९९९ सालच्या एका अभ्यासात वृद्ध स्त्रियांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील हाच पंप अधिक जोमाने काम करू लागला. बॉस्टनमध्ये तर नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांची पायांची ताकद ८ आठवड्यांच्या अशाच व्यायामाने दुपटीहून अधिक झाल्याचे १९९० साली नोंदले गेले.

या संदर्भात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्मरण होते. १८६७ साली सावंतवाडीनजीक जन्मलेले हे वेदाभ्यासक औंधहून आपल्याच भागात, पारडीस येऊन स्थायिक झाले. आसने व व्यायाम यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, आणि शंभरी ओलांडून १९६८ साली ते निवर्तले. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु अभ्यास व व्यायाम यांना निवृत्ती नसते, एवढे त्यावरून घेता येते.

आम्ही शाळेच्या दारात रोज पाहतो. खानदेशातून मुलाकडे आलेले आजोबा वर्षभर नातवाचा हात धरून येतात. पुढे रिक्षा लागते आणि आजोबा घरी बसतात. ज्यांनी उभा जन्म शेतात काढला त्यांना आपण प्रेमाने म्हणतो, ‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’ या प्रेमातच हानी दडलेली आहे. हृदयविकार वा सांधेदुखी असल्यास वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा; एरवी भाजीची पिशवी, जिन्याच्या पायऱ्या आणि नातवाची शाळा ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. औषधाच्या बाटलीपेक्षा ती स्वस्त आहेत, आणि त्यांत मानही आहे.