ताई, तुम्ही टाकलं म्हणून...

गेल्या वर्षी मी गटाच्या व्हॉट्सॲपवर मोफत शिलाई मशीनचा मेसेज न तपासता पाठवला. तो खोटा निघाला. तोवर तिघींनी लिंकमध्ये आधार नंबर भरले होते. "ताई, तुम्ही टाकलं म्हणून भरलं," म्हणाल्या. जिचं सगळ्या ऐकतात, तिचा नुसता फॉरवर्डही शिक्का मारल्यासारखा असतो.

यातून जीवही जातात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांनी कुणाला हातही लावला नसेल!

मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो बऱ्याच हातांतून आलेला असतो; मूळ कुणाचा, ते कळत नाही. मग अध्यक्ष, सचिव ताईंनी आधी ग्रामसेवक किंवा पोलीस पाटलांना विचारावं. चूक झालीच तर गुपचूप डिलीट करू नये. वाचलेलं मनात राहतंच. त्याच ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून सांगावं, वाचता न येणारीलाही कळतं. मी सांगितलं तेव्हा लाज वाटली. पण चौथीनं अर्धा भरलेला फॉर्म तिथंच सोडला.